तीन नंबरच्या पट्ट्यातली अकरा झाडं

बाई,

येत्या शनिवारी तीन नंबरच्या पट्ट्यात चाळीस रोपं लावायची ठरली आहेत. ती जगणार नाहीत. हे फक्त मला माहीत आहे, आणि काल एकीने मला त्याबद्दल सरळ प्रश्न विचारला तेव्हा मी सरळ खोटं बोलले. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

कॉलेजात सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे. वनस्पतिशास्त्राच्या आम्ही सहाजणी तेवढ्या बाई म्हणायचो, आणि ते तुम्हाला आवडतं असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. त्या सहांतली उंच, मोठ्या आवाजाची, पहिल्या बाकावर बसून तुमचं वाक्य तुमच्याआधी पुरं करणारी ती मी. आता अडुसष्ट वर्षांची आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांसाठी म्हणून जपानला आले, त्याला तीस वर्षं झाली. तोक्योच्या शेजारी, समुद्राला लागून असलेल्या उरायासुला आम्ही राहतो. पहिली वीस वर्षं मी मुलगी वाढवली, कचऱ्याचे सात प्रकार पाठ केले, सुपरमार्केटात पार्ट-टाइम काम केलं, आणि तुम्ही घासूनपुसून घेतलेली ती एम.एस्सी. कपाटात वरच्या खणात राहिली. मुलगी लग्न होऊन गेल्यावर एका शनिवारी मी एकटीच ट्रेनने निघाले आणि शेवटच्या स्टेशनाच्या पुढे बसने गेले. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. बसमधून उतरले आणि नाकाला ओळखीचा वास आला. मिठागराचा.

तुमच्या मिठागरासारखं मोठं नव्हतं ते. वाळूचा एक सपाट चौक, त्यावर समुद्राचं पाणी शिंपडायचं, उन्हाने वाळवायचं, ती खारट वाळू धुऊन पाणी काढायचं आणि ते एका खोलीएवढ्या पसरट कढईत उकळायचं. मागे पाइनचं बन. काळ्या सालीचे, समुद्राच्या वाऱ्याने एका बाजूला कललेले पाइन. इथे त्यांना मात्सु म्हणतात. लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी वाळू गावात उडू नये म्हणून लावलेले. आणि त्या बनात दहा-बारा म्हातारी माणसं बांबूची दाताळी घेऊन पाइनच्या सुया खसाखसा ओढत होती. खालची जमीन अंगणासारखी झाडून काढलेली. पांढरी वाळू उघडी. ते बघून मी तरातरा तिकडे चालू लागले. तुम्हाला कळेल का ते. तुम्हालाच कळेल.

कारण मला एकदम तुमचा बांध दिसला. कॉलेजमागची मिठागरं, त्यांच्या कडेचा लांब बांध, आणि त्यावर त्या कागदी सालीच्या झाडांची रांग. दुरून बघितलं तर कोणीतरी खोडांना जुन्या वह्या गुंडाळून ठेवल्यात असं वाटायचं. ती कोणी लावली ते कोणालाच माहीत नव्हतं, पण सांभाळायचात तुम्ही. कॅनव्हासचे बूट, सुती साडीचा पदर खोचलेला, हातात कुदळ. पावसाचं गोडं पाणी मुळांपर्यंत पोचावं म्हणून तुम्ही आमच्याकडून एक चर खणून घेतला होता, आणि दर महिन्याला तो उपसायला लावायचात. बीएस्सीच्या अभ्यासक्रमात हे कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "पेपरात, प्रश्न अकरा. खण."

मिठागराचा मुकादम मात्र त्या झाडांवर कातावलेला. "बाई, तुमची पानं आमच्या मिठात पडतात. मीठ तांबडं होतं. कोण घेणार? एक दिवस कुऱ्हाड आणतो बघा." तुम्ही त्याच्याशी भांडला नाहीत. त्याच्याच माचीवर बसून त्याच्याच पितळीतला काळा चहा प्यायलात आणि करार केलात: मीठ पिकायच्या दिवसांत तुमच्या मुली रोज वाफ्यांकडची पानं वेचतील, आणि तो कुऱ्हाड घरी ठेवेल. तीन महिने आम्ही पानं वेचली. एक दिवस डबा खायच्या आधी मला उत्साह आला. वाफ्यांकडची पानं झालीच होती, म्हणून मी झाडांखालचा पाचोळाही ओढून लख्ख केला. तुम्ही चराकडून आलात आणि ते बघितलंत.

"हे काय केलंस?"

"केर काढला, बाई."

"केर? झाडाच्या पुढचं ताट आहे ते. तुझ्या पुढचा डबा मी आता उचलून खाडीत टाकला तर चालेल?"

आणि मग तो सगळा पाचोळा मला हाताने परत पसरायला लावलात. मुठीमुठीने. बाकीच्या पाचजणी डबा खात होत्या आणि हसत होत्या. मुकादमही हसत होता. माझे कान तापले होते. तुम्ही माझ्या मागे उभं राहून आणखीही काहीतरी सांगत होतात, बराच वेळ. पण बाई, खरं सांगते, ते मी ऐकलंच नाही. मी रागाने पाचोळा पसरत होते आणि मनात तुम्हाला उत्तरं देत होते. ताट तेवढं लक्षात राहिलं. पुढची चाळीस वर्षं मी एकाही झाडाखालचं पान उचललं नाही, आणि कोणी उचलताना दिसलं की त्याला तुमच्याच आवाजात बोलले.

म्हणून त्या पहिल्या शनिवारीच मी त्या म्हाताऱ्यांपैकी सगळ्यात म्हाताऱ्याला गाठलं. हे मीठवाले. मीठ करणारं गावातलं शेवटचं घर त्यांचं. तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते, आता त्र्याऐंशीचे आहेत. मी त्यांना माझ्या सुपरमार्केटी जपानीत दहा मिनिटं समजावलं की पान पडतं, कुजतं, परत झाडाच्या पोटात जातं, आणि तुम्ही झाडांना उपाशी मारताय. त्यांनी दाताळ्यावर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सेन्सेइ, मग मी मीठ कशावर शिजवू?" सगळे खो खो हसले. तेव्हापासून बनात मी सेन्सेइ. मास्तरीणबाई. मान म्हणून नव्हे हो, चिडवायला.

त्यांनी मला दुसऱ्या बाजूने सांगायचा प्रयत्न केला. हे झाड वाळूवरच जगतं. मुळांना एक बुरशी असते, ती त्याला खायला आणून देते, आणि ती बुरशी नापीक जमिनीतच टिकते. सुया साठल्या, जमीन काळी झाली, की गवत येतं, वेली येतात, बुरशी जाते, आणि झाड पोकळ होतं. पूर्वी भट्टीसाठी गावच्या बायका रोज सुया न्यायच्या, म्हणून बन धडधाकट राहिलं. गॅस आला, बायका यायच्या बंद झाल्या, आणि बन आजारी पडलं. "याला खायला घालायचं नाही, सेन्सेइ. तुमच्या देशात पाहुण्याला आग्रह करतात ना, तसं याला करायचं नाही." मी मान हलवली. पटलं नाही. पण समुद्र, मीठ, झाडं, आणि मला खडसावणारं माणूस, एवढं सगळं एका जागी मला फार वर्षांनी मिळालं होतं. दर दुसऱ्या शनिवारी जायला लागले. दाताळं ओढायला शिकले. चार वर्षांनी गटाचं काम माझ्याकडेच आलं, कारण यादी करणं, वेळेवर येणं आणि उशिरा आलेल्याकडे बघणं हे मला इतरांपेक्षा चांगलं जमतं. अवजारांच्या खोलीची किल्ली मिळाली आणि नोंदवही मिळाली.

आता चुकीचं सांगते. तीन नंबरचा पट्टा म्हणजे बनाचा एक तुकडा, आपल्या प्रयोगशाळेच्या दुप्पट. तिथल्या झाडांच्या सुया एका वर्षी थोड्या पिवळ्या दिसायला लागल्या. बैठकीत मी म्हटलं, थोडं खत घालून बघू. मीठवाल्यांनी नाही म्हटलं, सगळ्यांनी नाही म्हटलं. मी गप्प बसले. आणि मग बुधवारी बनात कोणी नसताना जायला लागले. बसथांब्याजवळच्या शेतकऱ्याकडे पानांचं सुंदर खत मिळायचं, काळंभोर, जंगलासारख्या वासाचं. दर खेपेला तीन पोती. ढकलगाडीवरून नेऊन झाडांच्या बुंध्याशी पसरायची, वर सुया ओढून झाकायची. दोन हिवाळे, दोन्ही मिळून बारा बुधवार. मला इतका आनंद व्हायचा, बाई. परत येताना ट्रेनमध्ये नखांत माती असायची आणि वाटायचं, ताट वाढून आले. आणि तुमची सवय अशी की केलं ते लिहायचं. नोंदवहीत त्या त्या बुधवारी मी समासात पेन्सिलीने मराठीत लिहीत गेले: खत, ३. मराठी तिथे कोणाला येत होतं!

दुसऱ्या वर्षी पट्ट्यात हिरवंगार गवत उगवलं. मी म्हटलं, बघा. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, इथेही आता उन्हाळे फार तापतात, तीन नंबरची झाडं तांबडी पडायला लागली. आधी एक, मग एकदम चार. ऑक्टोबरपर्यंत अकरा. झाडांचा डॉक्टर आला, त्याने साल सोलून दाखवली: आत भुंग्याची भोकं. भुंगा एक बारीक किडा आणतो आणि तो झाडाचं पाणी तोडतो. हा रोग सगळ्या किनाऱ्यावर आहे. तो म्हणाला, भुंगा जवळपासच कुठेतरी वाढला असणार, आणि अशक्त झाडं त्याने आधी धरली. अशक्त का झाली, असं कोणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. आजूबाजूच्या पट्ट्यांत एकही झाड गेलं नव्हतं. अकराही तोडून जाळली. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी अवजारांच्या खोलीत बसले, खोडरबर घेतलं आणि समासातले बाराही बुधवार पुसले.

खोडरबर. तुमच्या वर्गात बंदी असलेली वस्तू. पहिल्याच तासाला तुम्ही सहाजणींची खोडरबरं गोळा करून टेबलाच्या खणात टाकली होती, आणि ती कधीच परत मिळाली नाहीत. "चुकलं तर एक रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे." आणि दुसरा तुमचा राग 'सुमारे' या शब्दावर. माझ्या वहीत 'सुमारे पन्नास झाडे' असं होतं. तुम्ही म्हणालात, "सुमारे काय? मोजलीस की नाही मोजलीस?" नव्हती मोजली. परत पाठवलंत. अठ्ठावन्न होती. तर हे असं झालं, बाई. तुमचं जे एक न ऐकता चाललं असतं ते मी जिवापाड ऐकलं, आणि जे ऐकायचं ते पुसून टाकलं.

आता गुडघा बोलायला लागला आहे, म्हणून मी काम सोडते आहे. इथे काम सोडताना सगळं लिहून, दाखवून, मोजून पुढच्याच्या हातात द्यायची रीत आहे. माझ्यानंतर हे काम घेणारी आपलीच, मराठी मुलगी आहे. मुलगी म्हणजे त्रेचाळीसची. तोक्योतल्या निशी-कसाईला, आपल्या लोकांच्या वस्तीत राहते, आयटीत आहे, आणि माझ्यासारखीच कोणाचं पूर्ण ऐकून घेत नाही. ती काल नोंदवही घेऊन माझ्याकडे आली. सगळं एक्सेलमध्ये घालायचं म्हणे, मग वही गावच्या कचेरीत जमा. माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसली. नवऱ्याने तिला पोहे दिले. एका हाताने खाते, एका हाताने टाइप करते.

"काकू, हे समासात काहीतरी पुसलंय का? नीट दिसत नाही, पण मराठी तीन आहे. इथेही तीन. अरे, सगळीकडे तीन. सगळे वेन्सडे. तीन काय?"

"पोळ्या," मी म्हटलं.

"हं?"

"डब्याला तीन पोळ्या न्यायचे. त्याची नोंद."

नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "दोन. तू कायम दोन नेतेस."

"तेव्हा तीन नेत होते."

"ओके," ती म्हणाली. "मग तेवढं ब्लँक ठेवते. पोळ्या कशाला डेटाबेसमध्ये." आणि पुढे म्हणाली, "तीन नंबरला आता प्लांटिंग आहे ना, त्याची हिस्टरी फक्त एवढीच टाकते, भुंगा आणि कटिंग. बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

ती रोपं मीठवाल्यांची आहेत. तीन नंबरमध्ये एकच झाड वाचलं होतं, त्याचे शंकू गोळा करून, बी पेरून, तीन वर्षं कुंड्यांत वाढवलेली. ते म्हणतात, यानंतर आणखी रोपं करायला मी असेन असं वाटत नाही. ती माझ्या खताच्या मातीत लागणार. तिथे अजून गुडघाभर गवत येतं, मी वर्षातून दोनदा मुकाट्याने कापते. पहिली दोन वर्षं रोपं छान दिसतील. मग गवताखाली दबतील, आणि भुंगा आला की पहिली तीच जातील. आणि एक्सेलमध्ये भुंग्याचंच नाव लागेल.

आता हे सगळं इथे लिहून झालं म्हणजे झालं का? नाही. तुम्हीच म्हणाला असतात, हे मला काय सांगतेस, मी काय करू.

रविवार.

वरचं सोमवारी लिहिलं होतं. आता उरलेलं.

गुरुवारी मी बनात गेले. मीठवाले भट्टीच्या छपरात रोपांच्या कुंड्या पुसत होते. एकेक कुंडी ओल्या फडक्याने, लग्नघरातल्या तांब्यासारखी. मला बघून म्हणाले, "सेन्सेइ, आज गुरुवार. शनिवार विसरलात की काय?" मी म्हटलं, मला एक सांगायचं आहे. त्यांनी चहा केला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, खत, बुधवार, बारा, छत्तीस, खोडरबर. जपानीत चुकीची कबुली द्यायची भाषा फार वाकलेली असते. ती मला नीट येत नाही, म्हणून वाक्यं आखूड झाली. पण एकही राहिलं नाही.

त्यांनी कप खाली ठेवला आणि बाहेर गेले. छपराच्या मागे, जिथे पूर्वी ओंडक्यांचा ढीग असायचा तिथे, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता हाकलतील. बरं होईल. दहा मिनिटांनी आत आले.

"तीन वर्षं मी भट्टी पेटवली नाही. माहीत आहे ना?"

"तुमची पाठ," मी म्हटलं.

"पाठीला काही झालेलं नाही."

मग ते बोलले. झाडं गेली त्याच्या आदल्या वर्षी वादळात पडलेल्या पाइनचे ओंडके त्यांनी भट्टीसाठी इथे रचून ठेवले होते. उन्हाळाभर. भुंगा असल्याच ओंडक्यांत अंडी घालतो, हे त्यांना पोरवयापासून माहीत होतं. पावसाळ्याआधी जाळायचे ते राहून गेले. डॉक्टर 'जवळपासच' म्हणाला तेव्हा त्यांनी ओळखलं. कोणाला सांगितलं नाही. ढीग गुपचूप जाळला आणि भट्टी बंद केली. माझ्या हाताने अकरा झाडं मारली, आता मीठ कसलं करायचं, असं म्हणून. बाई, मी तीन वर्षं त्या थंड कढईशेजारून जात होते. त्यांना पाठीसाठी मलम नेऊन दिलं होतं. दोनदा.

"तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मी शिव्या दिल्या असत्या."

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली असती."

मी, जी सगळ्यांची वाक्यं पुरी करते, ती फडकं घेऊन कुंड्या पुसत बसले. तेही पुसत होते. सोळा-सतरा कुंड्या झाल्यावर ते म्हणाले, "भुंगा माझा, खत तुमचं. मग अर्धी झाडं माझी, अर्धी तुमची." आणि थोड्या वेळाने, "पण अकरा आहेत. अकरावं कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"का? तुम्ही सेन्सेइ म्हणून? माझं."

"ढकलगाडी माझी होती."

"ओंडके माझे होते." आणि मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. मला हसू यायला वेळ लागला, पण आलं. अकराव्याचं अजून ठरलेलं नाही.

शनिवारी तीसजण आले. निशी-कसाईहून पाच कुटुंबं, रोपं लावताना फोटो काढायचे म्हणून चांगले कपडे घालून. एकीने तर पोराला कुर्ता घातला होता. मी सगळ्यांना उभं केलं आणि आधी जपानीत, मग मराठीत सांगितलं. आवाज तुमच्यासारखाच लागला. मग माझी ती त्रेचाळीसची मुलगी म्हणाली, "म्हणजे काकू, त्या पोळ्या नव्हत्या."

"नव्हत्या."

"छत्तीस पोळ्यांचा हिशोब मला लागतच नव्हता!" आणि तिने बाह्या वर केल्या. "चला, फावडी कुठे आहेत?"

रोपं लावली नाहीत. त्याऐवजी सगळ्यांनी मिळून तीन नंबरची काळी माती वीतभर खरवडून काढली. गवताची मुळं, गांडुळं, माझे दोन हिवाळे, सगळं. दुपारी दोनला खालची पांढरी वाळू दिसायला लागली. कुर्त्याचं काय झालं ते विचारू नका. पोरं गांडुळांना जपानी नावं देत होती, आया मराठीत ओरडत होत्या. ती सगळी माती ढकलगाड्यांनी मीठवाल्यांच्या बायकोच्या मुळ्याच्या वाफ्यात गेली. त्या मला कमरेत वाकून म्हणाल्या, "सेन्सेइ, इतकी चांगली माती! आणखी कुठे टाकून ठेवलीय का?" रोपं वर्षभर कुंड्यांतच राहतील. पुढच्या मार्चपर्यंत पाऊस वाळू धुवेल. मीठवाले म्हणाले, चला, म्हणजे मला आणखी एक वर्ष कुंड्या पुसायला जगावं लागणार, हा तुमचाच कावा. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी दिवसभर ओढलेल्या सुयांचा एक ढीग भट्टीत कोंबला आणि पेटवला. मिठाजोगं खारं पाणी तयार नव्हतं, नुसतं समुद्राचं पाणी कढईत ओतलं होतं. सुया तड तड करत पेटल्या, आणि तीन वर्षांनी छपरातून वाफ निघाली. आम्ही सगळे चिखलाच्या हातांनी शंकरपाळे खात ती बघत होतो.

तुमची झाडं मी मागच्या वर्षी बघून आले. तेव्हा सांगायचं राहिलं. एकोणतीस उभी आहेत. मिठागरं अर्धीअधिक गेली, मागे इमारती आहेत, पण बांध आहे, आणि चरसुद्धा आहे, कोणीतरी उपसतं. मी सालीला हात लावला तर वॉचमन ओरडला. मला फार बरं वाटलं. खाली पाचोळा घोट्याएवढा होता. तिथे ताटच होतं ते, तिथे तुमचं बरोबरच होतं. तुम्ही माझ्यामागे उभं राहून पुढे काय सांगत होतात, ते मला त्या झाडांखाली उभं राहूनही आठवलं नाही. कधी ऐकलंच नव्हतं ते आठवणार कुठून.

कॉलेजच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मला त्यांतल्याच एका झाडाच्या सुटलेल्या सालीचा एक पापुद्रा दिला होता, त्यावर पेन्सिलीने शेरा: "निरीक्षण चांगले. ऐकून घेण्याची सवय नाही." तेव्हा मी रडले होते. तो अजून माझ्याकडे एका फोल्डरमध्ये आहे. पेन्सिल फिकी झाली आहे, वाचता येते. कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही, तेव्हा हे पत्रही त्याच फोल्डरमध्ये त्याच्याखाली ठेवते.

काल निघायच्या आधी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर देणंघेणं लिहिलं, शाईच्या पेनाने. वही आता कचेरीत जाणार नाही, अवजारांच्या खोलीतच राहील, एक्सेल असलं तरी. पान इथे उतरवून ठेवते, जसं आहे तसं:

दिलं. अवजारांच्या खोलीची किल्ली, एक. बांबूची दाताळी चौदा, त्यांतली दोन मोडकी. फावडी सहा. ढकलगाड्या दोन, पैकी एक डावीकडे ओढते. रोपं चाळीस, कुंड्यांत, मीठवाल्यांच्या छपरात. नोंदवही एक, पुसलेले बारा बुधवार पुन्हा लिहून. तीन नंबरच्या पट्ट्यात मी घातलेलं खत: सुमारे तीस पोती. यावर एक रेघ. छत्तीस पोती.